वारली चित्रे जगात गेली, गाणी कुठे राहिली?

वारली चित्रे आज कोणाला ठाऊक नाहीत? गेरूच्या रंगावर पांढऱ्या रेषांनी काढलेली त्रिकोणी माणसे, तारप्याभोवती वेटोळे घेत जाणारा नाच, झाडे, पाखरे आणि घरे. साडीपासून चहाच्या कपापर्यंत आणि सरकारी कचेऱ्यांच्या कुंपणांपासून परदेशी कलादालनांपर्यंत ही चित्रे पोहोचली आहेत. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा देशभरातील वृत्तपत्रांनी त्याची नोंद घेतली.

ही चित्रकला ज्या लग्नविधीतून आली, त्या विधीत चित्राच्या बरोबरीने गाणेही असते, ही गोष्ट मात्र फार थोड्यांना माहीत असते. चित्राला दालन मिळाले, बाजार मिळाला, चित्रकाराला नाव मिळाले. गाण्याला मराठी कवितेच्या पुस्तकात पानही मिळालेले नाही. मराठी कवितेचा एखादा प्रातिनिधिक संग्रह उघडला, तर त्यात संत, पंत, शाहीर, केशवसुत, मर्ढेकर आणि पुढचे नवे कवी भेटतात. डहाणू-तलासरीची धवलेरी तिथे भेटत नाही. असे का व्हावे, आणि त्यात काही बदल करता येईल का, हा या लेखाचा विषय आहे.

लग्नचौकाची दुसरी बाजू

२०१४ मध्ये ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला. त्याच्या उत्तर टोकाला डहाणू आणि तलासरी हे तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार तलासरीत दर दहा माणसांपैकी नऊ अनुसूचित जमातींची आहेत. येथील वारली बोली मराठीला जवळची आहे आणि सीमेवरच्या गुजरातीचे संस्कारही तिच्यावर आहेत. १९६० मध्ये राज्ये वेगळी झाली, तेव्हा उंबरगाव तालुका विभागला गेला. काही गावे गुजरातेत गेली, काही महाराष्ट्रात राहून तलासरीत आली. सोयरिकी आणि गाणी मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना राहिली.

वारली लग्नात घराच्या भिंतीवर चौक काढला जातो. तो सवासिनी काढतात. चित्र काढण्याला वारली ‘लिहिणे’ म्हणतात, हे विशेष. तांदळाच्या पिठाने लिहिलेल्या या चौकात पालघट देवी असते. सूर्य, चंद्र, फणी, शिडी ही चिन्हे असतात. जवळच दुसऱ्या चौकात पंचशिऱ्या देव असतो. हा चौक लिहून झाला म्हणजे काम संपले, असे नसते. धवलेरी गाऊ लागते तेव्हा त्यात देव येतात, अशी श्रद्धा आहे. धवलेरी म्हणजे लग्न लावणारी जाणती स्त्री. भटजीच्या मंत्रांची जागा इथे तिच्या गाण्याने घेतलेली असते. लग्नाचा एकेक विधी आणि त्या विधीचे गाणे तिला मुखोद्गत असते. ते तिने कुठल्या वहीत लिहून घेतलेले नसते. आधीच्या धवलेरीमागे बसून, तिला साथ देत देत ते तिच्याकडे आलेले असते.

लग्नाखेरीज इतर प्रसंगीही गाणे असते. धान्याची देवी कणसरी हिची कथा भगत घांगळीच्या साथीने गातात. भात कापून झाल्यावर तारपा वाजू लागतो. म्हणजे ज्याला आपण ‘लोकगीत’ असे एकच नाव देऊन मोकळे होतो, त्यात विधीचे गाणे, दीर्घ कथाकाव्य आणि नाचाचे गाणे असे निरनिराळे प्रकार आहेत. त्यांचे गाणारे वेगळे, प्रसंग वेगळे आणि नियमही वेगळे.

या गाण्यांना इतिहासाची आणखी एक बाजू आहे. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० च्या पुस्तकात ‘लग्नगडी’ पद्धतीचे वर्णन आहे. लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा जन्मभर, त्याच्याकडे राबायचे, अशी ही वेठबिगारी होती. लग्न झालेली बायकोही त्याच वेठीला लागायची. १९४५ च्या मे महिन्यात झरी येथे हजारो वारली जमले आणि वेठबिगार नाकारण्याचा निर्धार झाला. त्या लढ्याने ही पद्धत मोडून काढली. ज्या समाजात लग्न हेच गुलामीचे दार होते, त्या समाजाने लग्नाचे गाणे पिढ्यान्‌पिढ्या जपले. ते गाणे केवळ करमणूक म्हणून टिकले असेल, असे म्हणणे कठीण आहे.

महदंबेचे धवळे आणि डहाणूचे

‘धवलेरी’ हा शब्द मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला ओळखीचा वाटला पाहिजे. मराठीतील आद्य कवयित्री म्हणून जिचा गौरव होतो, त्या महदंबेच्या रचनेचे नावच ‘धवळे’ आहे. धवळे म्हणजे लग्नात गायची गीते. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात रिद्धपूर येथे श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहाच्या निमित्ताने महदंबेने रुक्मिणी-कृष्णाच्या लग्नाचे धवळे गायिले. जमलेल्या मंडळींसमोर, प्रसंगाला अनुसरून, तोंडी रचलेले हे काव्य आहे. म्हणजे मराठी स्त्रीकवितेचा आरंभ ज्या प्रकाराने होतो, तोच प्रकार डहाणूच्या पाड्यांवर जिवंत आहे. एकीला आपण आद्य कवयित्री म्हणतो आणि दुसरीच्या गाण्याला लोकसाहित्याच्या कपाटात ठेवतो.

महदंबेलाही हा मान आपोआप मिळालेला नाही. परशुरामतात्या गोडबोले यांनी मराठी कवितांचे वेचे एकत्र करून ‘नवनीत’ प्रसिद्ध केले, ते १८५४ मध्ये. पुढे अनेक पिढ्यांना जुनी मराठी कविता म्हणजे काय, हे या एका पुस्तकाने शिकविले. त्या काळी महानुभावांचे वाङ्मय पंथाबाहेरच्या वाचकाला वाचताच येत नव्हते, कारण ते सांकेतिक लिप्यांत होते. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे आदी संशोधकांनी त्या लिप्या उलगडल्या आणि मराठी कवितेचा आरंभच नव्याने लिहावा लागला. संकलने अंतिम नसतात. त्या त्या काळी संपादकाला जे वाचता आले, ऐकू आले आणि कविता म्हणून मान्य झाले, तेवढेच त्यांत असते.

ऑस्ट्रेलियाने काय केले?

हा प्रश्न आपल्याआधी ज्या देशाला भेडसावला, त्यांपैकी ऑस्ट्रेलियाचा अनुभव मुद्दाम पाहण्याजोगा आहे. याचे एक कारण चित्रकलेतच सापडते. १९७१ मध्ये मध्य ऑस्ट्रेलियातील पपुन्या या वस्तीत जेफ्री बार्डन या शिक्षकाच्या प्रोत्साहनाने मूलनिवासींनी शाळेच्या भिंतीवर आणि मग फळ्यांवर चित्रे काढायला सुरुवात केली. त्याच दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी डहाणूत आले आणि वारली चित्र भिंतीवरून कागदावर उतरले. दोन्हीकडे विधीतील चित्र थोड्याच काळात जगाच्या बाजारात पोहोचले. दोन्हीकडे चित्रामागे गाणे होते. पुढे मात्र वाटा वेगळ्या झाल्या. ऑस्ट्रेलियात मूलनिवासींची कविताही मुख्य संकलनांपर्यंत पोहोचली. ती कशी, हे पाहण्यासारखे आहे.

गोरे वसाहतवाले १७८८ मध्ये तिथे उतरले, तेव्हा त्या खंडात अडीचशेहून अधिक भाषा होत्या आणि प्रत्येक भाषेत गाणी होती. इंग्रजी काव्यसंग्रहांत मात्र दीर्घकाळ त्यांचा मागमूस नव्हता. ती गाणी मानववंशशास्त्रज्ञांच्या नियतकालिकांत होती. आर्नहेम लँडमधील चंद्राच्या गीतमालेचे रोनाल्ड बर्न्ट यांनी केलेले भाषांतर १९४८ मध्ये अशाच एका नियतकालिकात आले. आपल्याकडे तीन वर्षे आधी, १९४५ मध्ये, के. जे. सावे यांचे ‘द वारलीज’ हे पुस्तक निघाले होते. तेही समाजशास्त्राच्या कपाटात गेले. इथवर दोन्ही कहाण्या सारख्याच आहेत.

पहिला फरक १९६४ मध्ये पडला. मिंजेरिबा बेटावरच्या कॅथ वॉकर यांचा ‘वुई आर गोइंग’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. मूलनिवासी कवीचा तो पहिला इंग्रजी काव्यसंग्रह. थोर कवयित्री ज्युडिथ राइट यांनी त्याची शिफारस केली होती. संग्रह हातोहात खपला. ही कविता नसून प्रचार आहे, अशी टीकाही झाली. आपल्याकडे दलित कवितेला जे ऐकावे लागले, तेच हे. पुढे गोऱ्यांच्या आगमनाच्या द्विशताब्दीच्या निषेधार्थ त्यांनी राजसन्मान परत केला आणि ऊजरू नूनुक्कल हे आपल्या लोकांतले नाव धारण केले.

दुसरा टप्पा १९८६ चा. लेस मरे या मोठ्या कवीने ‘न्यू ऑक्सफर्ड बुक ऑफ ऑस्ट्रेलियन व्हर्स’ संपादित केले आणि मूलनिवासींच्या पारंपरिक गीतांची भाषांतरे त्यात इतर कवितांच्या पंक्तीला बसवली. परिशिष्टात किंवा ‘लोकगीते’ असे शीर्षक देऊन नव्हे, कविता म्हणून. मरे यांनी स्वतःच्या एका दीर्घ कवितेसाठी त्या चंद्रगीतमालेची चालही उचलली होती. यावर प्रशंसा झाली तशी शंकाही घेतली गेली. उसनवारी कौतुकाची असली तरी निवडीचा हात गोऱ्या संपादकाचाच होता.

त्या शंकेचे उत्तर दोनच वर्षांनी आले. १९८८ मध्ये केव्हिन गिल्बर्ट यांनी ‘इनसाइड ब्लॅक ऑस्ट्रेलिया’ हा मूलनिवासी कवितेचा संग्रह संपादित केला. गिल्बर्ट विराजुरी समाजाचे होते आणि तुरुंगातील दीर्घ शिक्षेच्या काळात त्यांनी स्वतःला घडविले होते. या संग्रहाला मानवी हक्क साहित्य पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा आपल्या लोकांना त्यांचे हक्क मिळालेले नाहीत, या कारणासाठी त्यांनी तो नाकारला. आपल्या कवींची निवड आपणच करायची, ही गोष्ट या पुस्तकाने रुजवली.

त्यानंतरचा क्रम झपाट्याचा आहे. २००८ मध्ये अनिता हाइस आणि पीटर मिंटर यांनी मूलनिवासी साहित्याचे मोठे संकलन केले. त्यातील पहिला वेचा म्हणजे बेनेलाँग यांनी १७९६ मध्ये सांगून लिहविलेले पत्र. पत्रे, अर्ज, तक्रारी हेदेखील साहित्य आहे, अशी भूमिका घेणारे हे पुस्तक आहे. २०१३ मध्ये आशियाई वंशाच्या ऑस्ट्रेलियन कवींचे स्वतंत्र संकलन निघाले. २०१६ मध्ये चार संपादकांनी मिळून १९९० नंतरच्या ऑस्ट्रेलियन कवितेचा ‘कंटेम्पररी ऑस्ट्रेलियन पोएट्री’ हा जाडजूड संग्रह काढला. त्यात दोनशेहून अधिक कवी आहेत. २०२० मध्ये ॲलिसन व्हिटेकर यांनी ‘फायर फ्रंट’ आणि जेनीन लीन यांनी ‘गुवायू’ ही संकलने दिली. दोघीही मूलनिवासी लेखिका आहेत. ‘गुवायू’मध्ये इंग्रजीबरोबर मूलनिवासी भाषांतील कविताही आहेत. २०२२ चे तेथील मानाचे स्टेला पारितोषिक एव्हलिन अरालुएन या मूलनिवासी कवयित्रीच्या संग्रहाला मिळाले.

याचा अर्थ तिथे सारे काही सुरळीत झाले, असा नाही. संकलनात कोण आले आणि कोण राहिले, यावर तिथेही वाद झडतात. १९९१ च्या एका प्रतिष्ठित पेंग्विन संग्रहात अर्न मॅली या कवीच्या सगळ्या कविता घेतल्या आहेत. गंमत अशी की, हा कवी कधी अस्तित्वातच नव्हता. नव्या कवितेची टर उडविण्यासाठी दोन कवींनी १९४३ मध्ये तो रचला होता. नसलेल्या कवीलाही संग्रहात जागा मिळू शकते आणि असलेल्या गायिकेला मिळत नाही. संकलनाच्या निवडीत केवळ गुणवत्ता बोलत नसते, हे यावरून ध्यानात यावे.

तीन प्रश्न

ऑस्ट्रेलियाच्या अनुभवातून वारली गीतांच्या संदर्भात तीन प्रश्न पुढे येतात.

पहिला प्रश्न निवडीचा. निवडणारा कोण? शहरातल्या संपादकाला वारली गाण्यात निसर्ग, निरागसता आणि नाच आवडतो, कारण चित्रांनी त्याला तीच सवय लावली आहे. वेठ, भूक, जंगल खात्याचा जाच, मोर्चा यांची गाणी त्याच्या निवडीत मागे पडण्याचा संभव असतो. धवलेरीला आणि वारली तरुणांना विचारले, तर यादी निराळी होईल. मोठी कविता कोणती, हे ठरविण्यात त्यांचा वाटा हवा.

दुसरा प्रश्न भाषेचा. आपण गाणे ऐकतो, ते प्रमाण मराठीत ‘शुद्ध’ करतो आणि छापतो. त्यात बोलीचे शब्द गळतात. पुनरावृत्ती कंटाळवाणी वाटून छाटली जाते, आणि गाण्याचा श्वास तर तिच्यातच असतो. क्वीन्सलंडच्या पर्जन्यवनातील जिरबल लोकांच्या गीतांवर आर. एम. डब्ल्यू. डिक्सन आणि ग्रेस कॉख यांनी १९९६ मध्ये जो ग्रंथ केला, त्यात मूळ बोल, त्यांचा अर्थ आणि संगीताचा विचार एकत्र आहे. वारली गाणे छापायचे तर डाव्या पानावर वारली, उजव्या पानावर मराठी, अशी मांडणी हवी. देवनागरी लिपी दोन्हींना चालते, ही आपली मोठीच सोय आहे.

तिसरा प्रश्न परवानगीचा आणि नावाचा. टी. जी. एच. स्ट्रेलो यांचा ‘साँग्ज ऑफ सेंट्रल ऑस्ट्रेलिया’ हा १९७१ चा ग्रंथ विद्वत्तेचे शिखर मानला जातो. तथापि त्यातील काही गीते त्या समाजात पवित्र आणि गोपनीय आहेत, म्हणून त्यांच्या वापराविषयी आजही संयम पाळावा लागतो. वारली समाजातही काही गाणी ठरावीक विधीतच गायची असतात. कोणते गाणे छापायचे आणि कोणते छापायचे नाही, हे गाणाऱ्यांनी सांगावे. जे छापायचे, त्याखाली गाणारीचे नाव आणि पाड्याचे नाव असावे. ‘पारंपरिक’ हा शब्द लिहिला की मानधनाचाही प्रश्न मिटतो, म्हणून तो आपल्याला सोयीचा वाटतो.

मराठीत वाट आहे

हे सारे मराठीला अवघड आहे, असे समजण्याचे कारण नाही. १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. अक्षरओळख नसलेल्या शेतकरी बाईने खानदेशच्या बोलीत रचलेली ती गाणी मुलाने आणि नातलगांनी टिपून ठेवली होती. आचार्य अत्र्यांनी ती वाचकांसमोर आणली. तेव्हापासून बहिणाबाईंना वगळून मराठी कवितेचा संग्रह निघणे अशक्य झाले. बोली आणि निरक्षरता या कवितेच्या आड येत नाहीत, हे आपण सत्तर वर्षांपूर्वीच मान्य केले आहे.

जात्यावरच्या ओव्यांचे कामही असेच आदर्श आहे. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या गोळा केल्या. ओवी गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव त्यांनी काळजीपूर्वक नोंदविले. आज ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ त्या ओव्या आवाज, चित्रफीत आणि गायिकेच्या परिचयासह प्रसिद्ध करते. छापील पानाला जो सूर पकडता येत नाही, तो तिथे ऐकता येतो.

आदिवासी कवींनी स्वतःही लिहिले आहे. वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ १९८७ मध्ये आणि भुजंग मेश्राम यांचा ‘उलगुलान’ १९९० मध्ये आला. प्रत्यक्ष वारली गाण्यांच्या बाबतीत कवयित्री-कादंबरीकार कविता महाजन यांनी ‘वारली लोकगीते’ हे संकलन करून पाया घातला आहे. २०१८ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले. अरुण जाखडे यांनी संपादित केलेल्या, २०१३ मधील भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाच्या महाराष्ट्र खंडातही राज्यातील आदिवासी बोलींची दखल घेतलेली आहे. म्हणजे साहित्य आहे, पद्धत आहे आणि पूर्वसूरीही आहेत. उरते ते पुढचे पाऊल. ही गाणी लोकसाहित्याच्या स्वतंत्र पुस्तकांतून उचलून मराठी कवितेच्या सर्वसाधारण प्रातिनिधिक संग्रहात, पाठ्यपुस्तकात आणि विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात महदंबेशेजारी ठेवणे.

हे पाऊल उचलण्याची निकड आहे. पाड्यांवरच्या लग्नांतही आता बँड आणि ध्वनिक्षेपक येतात, आणि विधी आटोपता घेतला की गाण्याची कडवी आपोआप कमी होतात. मुले प्रमाण मराठी शिकतात, नोकरीसाठी वापी, बोईसर, मुंबई गाठतात. धवलेरीमागे बसून शिकायला वेळ उरत नाही. भूगोलही बदलतो आहे. याच पट्ट्यातून बुलेट ट्रेनचा मार्ग आणि मुंबई-वडोदरा द्रुतगती महामार्ग जातो. डहाणूच्या किनाऱ्यावर वाढवण बंदराची पायाभरणी २०२४ मध्ये झाली. या प्रकल्पांच्या बऱ्यावाईटाची चर्चा स्वतंत्र आहे. मात्र डोंगर, ओहोळ, झाड, शेत यांच्याशी बांधलेले गाणे त्या जागा हलल्या की अर्थाला पारखे होते, एवढे खरे. चित्र विकत घेऊन भिंतीवर टांगता येते. गाण्याला गाणारी लागते आणि ऐकणारा लागतो.

महदंबेचे धवळे पंथाबाहेरच्या वाचकापर्यंत यायला सहाशेहून अधिक वर्षे लागली. डहाणू-तलासरीच्या धवलेरींचे धवळे ऐकण्यासाठी कोणतीही सांकेतिक लिपी उलगडावी लागत नाही. लग्नसराईत मुंबईहून डहाणू लोकलने तीन तासांत तिथे पोहोचता येते. मराठी कवितेच्या पुढच्या संपादकाने निदान तेवढा प्रवास करावा, आणि निवड करताना धवलेरीला शेजारी बसवून घ्यावे.